बॅटरी बदलली आणि फोन मेला: एका फोनच्या दोन बिघाडांचं प्रकरण

पार्श्वभूमी

साडेतीन वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन. मागची काच चिकटवलेली, बॅटरी ४५०० एमएएचची. गेले काही महिने सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारीच मान टाकायचा. कधी ३० टक्के दाखवत असतानाच एकदम बंद पडायचा. पुढे मागची काच एका कडेनं किंचित उचललेली दिसू लागली. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की शंकेला जागा उरत नाही. बॅटरी थकलेली असते आणि आत वायू धरून फुगायला लागलेली असते. ती बदलायचं ठरलं ते योग्यच होतं.

फोनधारकांना स्क्रू ड्रायव्हर हातात धरायची सवय होती. त्यांनी एक किट मागवलं. त्यात नवी बॅटरी, सक्शन कप, प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, एक पातळ धातूची पट्टी, दोन ड्रायव्हर आणि दुहेरी चिकटपट्टी होती. फोन उघडण्याआधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणावी, म्हणजे चुकून टोचली तरी भडका लहान राहतो, हे त्यांनी वाचलं होतं. ते एक पाऊल पुढे गेले आणि फोन आपोआप बंद पडेपर्यंत त्यांनी बॅटरी रिकामी केली. यात धोका काही नव्हता, पण पुढच्या घोळात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

या फोनची आतली रचना बहुतेक अँड्रॉइड फोनांसारखीच होती. वर मुख्य बोर्ड, मधे बॅटरी, खाली चार्जिंगचं भोक असलेला छोटा सब-बोर्ड. वरचा आणि खालचा बोर्ड जोडणारी चपटी फ्लेक्स पट्टी बॅटरीच्या अंगावरून जाते. त्यामुळे बॅटरी काढायची तर ही पट्टी खालच्या बाजूनं सोडवून वर उचलावीच लागते. चार्जरमधून येणारी वीज याच पट्टीतून मुख्य बोर्डाकडे जाते.

फोनधारकांनी काच तापवून सोडवली, वरच्या झाकणपत्र्याचे स्क्रू काढले आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. हा क्रम बरोबर होता. मग फ्लेक्स उचलली, जुनी बॅटरी ओढपट्टीनं काढली, नवी चिकटवली, कनेक्टर दाबले, पत्रे बसवले. खालच्या पत्र्याला दोन स्क्रू होते, त्यातला एक हातात उरला. एका स्क्रूनं काय बिघडणार, असं म्हणून तो बाजूला ठेवला गेला. काच चिकटवून झाली.

अडचण

पॉवरचं बटण दाबलं. ना कंपन, ना लोगो. चार्जर लावला तर बॅटरीचं चित्रही दिसलं नाही. नवी बॅटरी पूर्ण उतरलेली असेल असं समजून फोन रात्रभर चार्जरला लावून ठेवला. सकाळीही तो तसाच.

मग काच पुन्हा उघडून जुनी बॅटरी लावली. तरीही फोन मेलेलाच. ‘म्हणजे बॅटरीचा दोष नाही,’ असा निष्कर्ष निघाला, आणि नवी बॅटरी परत लावायला घेतली. एव्हाना प्लास्टिकच्या पट्टीचं टोक झिजलं होतं, म्हणून जुन्या बॅटरीचा कनेक्टर धातूच्या पट्टीनं उचकटला. नवी लावली, बटण दाबलं. काहीच नाही.

या प्रकरणाची गोम इथे आहे. पहिल्या रात्रीचा मेलेला फोन आणि दुसऱ्या सकाळचा मेलेला फोन बाहेरून हुबेहूब सारखे होते. आत मात्र दोन वेगळे बिघाड होते. पहिला बोटानं दाबून सुटणारा होता, दुसऱ्यासाठी बोर्डावर सोल्डरिंग करावं लागलं. त्यांच्यात फरक आहे हे फक्त मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं यंत्र) सांगू शकत होता, आणि तोपर्यंत मीटर कुणी लावलाच नव्हता.

समोरचे पर्याय

तिसऱ्या दिवशी फोनधारकांपुढे चार वाटा होत्या.

दुसरी नवी बॅटरी मागवणं हा सगळ्यात सोपा वाटणारा पर्याय होता, आणि ती मागवायचं जवळजवळ ठरलंही होतं. पण दोन बॅटऱ्यांवर फोन सारखाच गप्प असेल, तर तिसरीनं तो बोलण्याची शक्यता कमी असते. आणि आत शॉर्ट (विजेच्या वाटेत नको तिथे थेट जोड) असेल तर लावताक्षणी नव्या बॅटरीचंही संरक्षण सर्किट तिला बंद करून टाकतं.

मुख्य बोर्डच बदलणं हा दुसरा पर्याय. फोन नक्की चालू झाला असता, पण आतला मजकूर गेला असता. अँड्रॉइड १० किंवा पुढच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनांत फाइल पातळीवरचं एन्क्रिप्शन सक्तीचं आहे आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. साठवणुकीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी हाती निव्वळ कचरा लागतो. शेवटचा बॅकअप पाच महिन्यांपूर्वीचा होता, म्हणून हा पर्याय बाद झाला.

फोन सोडून द्यायचा आणि जुन्या बॅकअपवर भागवायचं, ही तिसरी वाट. ती शेवटी कधीही घेता आली असती.

चौथी वाट म्हणजे बोर्ड पातळीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडून आधी फक्त निदान करून घेणं. फोनधारकांनी ही निवडली आणि सोबत दोन्ही बॅटऱ्या, उरलेला स्क्रू आणि वापरलेली हत्यारं नेली. हा त्यांचा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय म्हणावा लागेल. दुरुस्तीला फोन देताना ‘मी काहीच केलं नाही’ असं सांगणारे पुष्कळ असतात, आणि त्यात तपासणीचे तास वाया जातात.

तपासणी

तंत्रज्ञांनी चार्जर लावला नाही. आधी विचारलं, काय कोणत्या क्रमानं केलं, कनेक्टर कशानं उचलले, काही गरम झालं का, वास आला का. मग बॅटरी सोडवून दोन्ही बॅटऱ्यांच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला.

जुन्या बॅटरीवर ३.४१ व्होल्ट मिळाले. ती उतरलेली होती, पण जिवंत होती. नव्या बॅटरीवर ०.०० व्होल्ट.

शून्य व्होल्ट पाहून बॅटरी मेली असं ठरवणं ही नेहमीची चूक. लिथियम बॅटरीच्या डोक्याशी, चिकटपट्टीखाली, एक बारीक संरक्षण सर्किट असतं. शॉर्ट झाला की ते काही मिलिसेकंदांत सेलला (बॅटरीतल्या वीज साठवणाऱ्या भागाला) बाहेरच्या जगापासून तोडतं. सेल आत शाबूत असतो, कनेक्टरवर मात्र शून्य दिसतं. तंत्रज्ञांनी चिकटपट्टीचा कोपरा उचलून थेट सेलच्या दोन पत्र्यांवर मोजलं. दोन्ही टोकं एकमेकांना टेकली तर इथे ठिणगी उडते, म्हणून टोकदार प्रोब वापरले. आकडा आला ३.२८ व्होल्ट.

या तीन आकड्यांनी बरंच काही सांगितलं.

नव्या बॅटरीच्या संरक्षण सर्किटनं सेल तोडला होता, म्हणजे तिला शॉर्ट भेटला होता. जुन्या बॅटरीच्या सर्किटनं तोडला नव्हता, म्हणजे ती जोडलेली असताना शॉर्ट नव्हता. तो जुनी काढण्याच्या आणि नवी परत लावण्याच्या दरम्यान झाला. धातूची पट्टी नेमकी त्याच वेळी हातात होती.

सेलवरचे ३.२८ व्होल्ट आणखी एक गोष्ट सांगत होते. रात्रभर चार्जरला असलेल्या सेलवर हा आकडा असूच शकत नाही. पूर्ण चार्ज झालेला असा सेल ४.४ व्होल्टच्या आसपास असतो, अर्धवट चार्ज झालेला ३.८ च्या. म्हणजे त्या रात्री फोनमध्ये वीज शिरलीच नव्हती. नवी बॅटरी साधारण अर्ध्या चार्जवर, ३.७ ते ३.८५ व्होल्टवर हातात यायला हवी. ही बॅटरी छापील कोडनुसार दोन वर्षांहून जुनी होती आणि कपाटात पडून उतरली होती. फोन ३.४ व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद होतात, त्यामुळे ३.२८ वर तो सुरू होणार नव्हताच. जुनी बॅटरी तर मुद्दाम रिकामी केलेली. विश्रांतीनंतर ती ३.४१ दाखवत होती, पण थकलेल्या सेलचा आतला रोध वाढलेला असल्यामुळे भार पडताच तिचे व्होल्ट कोसळतात.

थोडक्यात, दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या आणि चार्जिंगची वाट बंद. पहिल्या रात्रीचा बिघाड एवढाच होता.

यानंतर मुख्य बोर्ड. बॅटरी जोडलेली नसताना मीटर डायोड मोडवर (यात शून्याजवळचा आकडा म्हणजे शॉर्ट), लाल प्रोब ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या ऋण बाजूला, काळा बॅटरी सॉकेटच्या धन पिनेवर. निरोगी बोर्डावर इथे साधारण ०.३ ते ०.५ असा आकडा येतो. इथे ०.००२ आला. बॅटरीची मुख्य लाइन थेट ग्राउंडला भिडली होती. पॉवर आयसीच्या (विजेचं नियंत्रण करणाऱ्या चिपच्या) पलीकडची लाइन, जी सगळ्या फोनला वीज वाटते, तिच्यावर मात्र ०.३६ मिळाले. यामुळे जीव भांड्यात पडला. शॉर्ट सॉकेट ते पॉवर आयसी एवढ्याच पट्ट्यात होता आणि पलीकडचा प्रोसेसर, मेमरी बहुधा सुरक्षित होते.

सूक्ष्मदर्शकाखाली सॉकेटपासून तीनेक मिमीवर एका सिरॅमिक कपॅसिटरचा कोपरा उडालेला दिसला. फोनधारकांनी धातूची पट्टी टेकवून कनेक्टर उचकटला, तेव्हा तरफेचा टेकू याच कपॅसिटरवर पडला होता. सिरॅमिक कपॅसिटर म्हणजे एकावर एक रचलेले अतिपातळ धातूचे थर. वरून भार येऊन त्याला तडा गेला की थर एकमेकांना भिडतात आणि तो बहुतेक वेळा शॉर्टच होतो. डोळ्यांना तडा दिसला तरी दोषी तोच आहे हे सिद्ध करणं बाकी होतं, कारण त्याच लाइनवर आणखी सहा कपॅसिटर आणि एक संरक्षक डायोड समांतर जोडलेले होते. मीटरवर सगळेच शॉर्ट दिसतात.

म्हणून लाइनला बाहेरून वीज दिली, कारण अशा वेळी शॉर्ट झालेला भागच तापतो. पॉवर सप्लायवर १ व्होल्ट, प्रवाहाची मर्यादा १ अँपिअर, मग हळूहळू २ अँपिअरपर्यंत. व्होल्ट बॅटरीच्या पातळीच्या वर कधीही नेत नाहीत, कारण शॉर्ट अचानक उघडला तर तेवढे व्होल्ट सगळ्या आयसींवर जाऊन आदळतात. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर दिला. तडा गेलेल्या कपॅसिटरवरचं अल्कोहोल काही सेकंदांत उडालं, बाकीच्यांवर ओलं राहिलं.

दुरुस्ती

कपॅसिटर काढायला हॉट एअर वापरायची की सोल्डरिंगची तापती चिमटी, हा प्रश्न होता. हॉट एअर सोपी, पण बॅटरीचा प्लास्टिकचा सॉकेट तीन मिमीवर होता, आणि तो वितळला तर काम दुप्पट. तंत्रज्ञांनी सॉकेटवर उष्णतारोधक टेप लावली आणि चिमटीनं कपॅसिटर दोन्ही टोकांनी एकदम तापवून उचलला. डायोड मोडवर लाइन ०.४१ वर आली. शॉर्ट गेला.

समांतर असलेल्या सातांतला एक कपॅसिटर नसला तरी फोन चालतो. नुसता मजकूर वाचवायचा असता तर इथेच थांबणं ठीक होतं. फोन पुढे वापरायचा असल्यामुळे तसाच एक निकामी बोर्डावरून काढून त्या जागी बसवला.

आता बॅटरीऐवजी पॉवर सप्लायवर ४.० व्होल्ट, मर्यादा २ अँपिअर. बटण न दाबता सुई ०.०० वर राहिली, म्हणजे गळती नव्हती. बटण दाबल्यावर ०.०८, मग ०.२५, मग ०.६ ते ०.९ मध्ये वरखाली. प्रवाहाचा असा चढता-उतरता आलेख म्हणजे प्रोसेसर जागा होऊन एकेक भाग हाक देत असल्याची खूण. कंपन झालं, लोगो आला. स्क्रीनही शाबूत होती. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनचा कनेक्टर काढला-लावला तर बॅकलाइटचं सर्किट जळतं आणि चालू फोनही मेल्यासारखा दिसतो, ही भीती इथे खरी ठरली नाही.

मग नवी बॅटरी जोडली आणि चार्जरच्या मधे यूएसबी मीटर लावला. मीटरवर ५ व्होल्ट, ०.०० अँपिअर. पहिला बिघाड तसाच वाट पाहत होता.

खालच्या पत्र्याखाली फ्लेक्सचा कनेक्टर एका कोपऱ्यात केसभर उचललेला निघाला. बॅटरी साधारण एक मिमी खाली चिकटवलेली असल्यामुळे पट्टी ताणली जात होती. पत्र्यातला फोमचा तुकडा कनेक्टर दाबून धरतो, पण एकच स्क्रू असल्यानं पत्रा त्या बाजूला सैल होता. कनेक्टर नखानं दाबल्यावर टक् आवाज आला आणि मीटरवर आधी ०.१ अँपिअर, मग संरक्षण सर्किटनं सेल परत जोडताच ०.४५ आणि थोड्या वेळात १.३ अँपिअर आले. बॅटरी जागी करायला बाहेरून सप्लाय दिला नाही. फोनचं चार्जिंग सर्किट कमी प्रवाहानं सुरुवात करतं आणि तापमानाकडे लक्ष ठेवतं, म्हणून ते काम त्यालाच करू दिलं. सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असता तर मात्र तो जागा न करता टाकूनच दिला असता. इतक्या उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून पुढे आतून शॉर्ट होण्याचा धोका असतो.

निष्पत्ती

काच चिकटवण्याआधी फोनमधला सगळा मजकूर संगणकावर उतरवून घेतला. मग बॅटरी पुन्हा नीट बसवली. आधी चिकटपट्टी न लावता सगळे कनेक्टर जोडून कोरडी जुळणी केली, पट्टी कुठेही ताणत नाही अशी जागा पेन्सिलनं आखली, कनेक्टर सोडवले आणि त्या खुणेवर बॅटरी चिकटवली. उरलेला स्क्रू आपल्या भोकात गेला. त्याआधी त्याची लांबी शेजारच्याशी ताडून पाहिली, कारण अर्धा मिमी लांब स्क्रूसुद्धा बोर्डाच्या आतल्या थरांत घुसून तारा कापू शकतो.

फोन १०० टक्क्यांपर्यंत नजरेसमोर चार्ज केला. मागची बाजू सर्वांत गरम असताना ३६ अंश सेल्सिअसवर होती. दुसऱ्या दिवशीही चार्ज आणि वापर सुरळीत होता. टक्केवारी पहिले काही दिवस थोडी उड्या मारत होती. नव्या बॅटरीची क्षमता ओळखायला फोनला दोन-तीन पूर्ण चक्रं लागतात. पाण्यापासूनचं मूळ संरक्षण मात्र परत आलं असं धरता येत नाही, हे फोनधारकांना स्पष्ट सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त क्षण पहिलाच होता. नवी बॅटरी पाकिटातून काढताच मीटर लावला असता तर ३.२८ व्होल्ट दिसले असते. ती परत करता आली असती, किंवा निदान फोन लगेच सुरू होणार नाही हे कळलं असतं. मल्टिमीटर नसेल तर यूएसबी मीटर पुरतो. चार्जर लावल्यावर त्यावर ०.०० दिसलं की बॅटरीकडे बघायचंच नाही, चार्जिंगची वाट तपासायची: केबल, भोक, सब-बोर्ड, फ्लेक्स, याच क्रमानं. बॅटरी नुसती रिकामी असती तर थोडा तरी प्रवाह दिसला असता.

काच चिकटवण्याआधी फोन उघडा असतानाच चालू करून बघायचा, चार्जरला लावून बघायचा. हा नियम पाळला असता तर सैल कनेक्टर पाच मिनिटांत हाती लागला असता.

उरलेला स्क्रू म्हणजे काम अपुरं असल्याचा पुरावा. झाकणपत्रे दिसायला साधे असतात, पण त्यांचं काम कनेक्टर दाबून धरण्याचं असतं.

रात्रभर चार्जिंगबद्दल कडक बोलावं लागेल. नुकतीच हातानं बसवलेली बॅटरी, फोन काहीच दाखवत नाही, आणि घरातले झोपलेले. या वेळी वीज शिरली नाही म्हणून काही झालं नाही. फुगलेली जुनी बॅटरी परत लावणं त्याहून धोक्याचं होतं. ओढून काढताना तिचं पाकीट वाकलेलं असतं, आतले थर सरकलेले असू शकतात. पडताळणीच करायची होती तर तिच्यावर मीटर लावणं पुरेसं होतं, फोनमध्ये बसवायची गरज नव्हती.

आणि धातूची पट्टी. किटमध्ये ती काच सोडवायला दिलेली असते. बॅटरीच्या कनेक्टरजवळ ती आणूच नये. प्लास्टिकचं टोक झिजलं तर कानस लावून नीट करावं, टेकू बोर्डावर न घेता चौकटीवर घ्यावा आणि कनेक्टर सरळ वर उचलावा.

तंत्रज्ञांच्या कामातही एक उलटसुलट करण्याजोगी गोष्ट होती. उरलेल्या स्क्रूची माहिती पहिल्या पाच मिनिटांत मिळाली होती आणि ३.२८ चा आकडाही चार्जिंगच्या वाटेकडेच बोट दाखवत होता. तरी खालचा पत्रा सगळ्यात शेवटी उघडला गेला. शॉर्ट आधी काढणं बरोबरच होतं, तो असताना चार्जर लावताच आला नसता. पण सूक्ष्मदर्शक समोर असतानाच सगळे कनेक्टर एकदा बघून घेतले असते, तर बोर्ड दुसऱ्यांदा चौकटीबाहेर काढावा लागला नसता.

जुनी बॅटरी तंत्रज्ञांनी फोनधारकांना परत दिली नाही. कनेक्टरवर टेप लावून ती वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवली आणि ई-कचरा संकलनाकडे पाठवली.